खापर गाळाच्या माथी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मार्सेलिस म्हटलं की मराठी माणसाला एकच गोष्ट आठवते. ८ जुलै १९१०, 'मोरिया' बोट आणि सावरकरांची समुद्रात उडी. माझंही तसंच होतं. भाचीनं फ्रान्सहून फोन केला, 'मामा, महिनाभर राहायला ये,' तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं ते धक्क्याबद्दलच. तो धक्का तिनं दुसऱ्याच दिवशी दाखवायला नेलं. पण आज मी तुम्हाला सांगणार आहे ते त्या महिन्यातल्या रविवारांबद्दल.

भाचीचा नवरा मार्सेलिसच्या बंदरात नोकरीला. आठवडाभर जहाजं, कंटेनर आणि क्रेन. रविवारी मात्र जावईबापू छोटी गाडी काढत. भाची डब्यात थालीपीठं आणि लोणचं भरून घेई. नियम एकच, सकाळी निघायचं आणि रात्री जेवायला घरी यायचं. भूमध्य समुद्राच्या त्या किनाऱ्यावर असं फिरण्यासारखं इतकं आहे की दीडशे किलोमीटरच्या पलीकडे आम्ही गेलोच नाही.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. प्राचीन बंदरांचा धडा आला की फळ्यावर एक वाक्य ठरलेलं असे : 'खाडी गाळाने भरली व बंदराचा ऱ्हास झाला.' सोपारा असो, चौल असो, वाक्य तेच. मुलं ते पाठ करत, परीक्षेत लिहीत आणि मी त्याला गुण देत असे. या चार रविवारांनी त्या वाक्यावरचा माझा विश्वास उडवला. कसा, ते सांगतो.

सुरुवात मार्सेलिसच्या भर बाजारपेठेतून करू. १९६७ मध्ये तिथे एका मोठ्या व्यापारी संकुलाचा पाया खणत होते. खाली निघाल्या ग्रीक तटाच्या भिंती आणि जुन्या बंदराचा धक्का. आज तिथे बाग आहे. एका बाजूला कपड्यांची दुकानं, दुसऱ्या बाजूला हिरवळीत उघडा पडलेला दगडी धक्का. पाणी नाही. १९७४ मध्ये त्याच जागी एक रोमन जहाज सापडलं. ओलं लाकूड उघड्यावर वाळलं की फुटतं, म्हणून ते जहाज गोठवून, त्यातलं पाणी हळूहळू काढून टिकवलं आणि शेजारच्या संग्रहालयात ठेवलं.

हे शहर इसवी सनपूर्व ६०० च्या सुमारास वसवलं ते फोकाया गावच्या ग्रीकांनी. ते गाव आज तुर्कस्तानात आहे. दंतकथा अशी, की ग्रीक खलाशी आले त्या दिवशी तिथल्या टोळीप्रमुखाच्या मुलीचं लग्न ठरायचं होतं. तिनं पेला ज्याच्या हाती द्यावा तो नवरा. तिनं तो एका परक्या खलाशाच्या हाती दिला आणि बापानं जावयाला बंदराची जागा दिली. थोडक्यात, स्वयंवर!

म्हणजे मार्सेलिसच्या बंदरातही गाळ साचला. एक टोक तर पार बुजलं. पण उरलेलं जुनं बंदर आजही पाण्यानं भरलेलं आहे, सकाळी तिथे मासळीबाजार भरतो. सव्वीसशे वर्षं हे बंदर टिकलं कसं? जावईबापूंनी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून समजावलं. रोन ही तिथली मोठी नदी. आल्प्समधून येते, भरपूर गाळ आणते आणि मार्सेलिसच्या पश्चिमेला समुद्राला मिळते. या किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवाह वाहतो पूर्वेकडून पश्चिमेकडे. त्यामुळे रोनचा गाळ मार्सेलिसपासून दूर, पश्चिमेकडे जातो. नदीच्या मार्गानं येणारा व्यापार हाताशी, आणि नदीची घाण मात्र शेजाऱ्याच्या अंगणात. 'मामा, जागा निवडणारा हुशार होता,' जावईबापू म्हणाले.

पहिला रविवार मग त्या शेजाऱ्याकडेच. नव्वद किलोमीटरवर आर्ल.

वाटेत फॉस लागतं. तेलाच्या टाक्या, पोलादाचा कारखाना, क्षितिजापर्यंत कंटेनर. जावईबापूंचं ऑफिस इथेच. मार्सेलिसच्या बंदराचा सर्वांत मोठा भाग आता मार्सेलिसमध्ये नाही, इथे आहे, आणि तो गेल्या शतकाच्या साठच्या दशकापासून उभा राहिला. पण गावाचं नाव ऐका. 'फॉस' म्हणजे लॅटिन 'फोसा', खणलेला चर. रोमन सेनापती मारियस इसवी सनपूर्व १०२ च्या सुमारास उत्तरेकडून येणाऱ्या ट्यूटन टोळ्यांची वाट पाहत इथे तळ ठोकून होता. रोनचं मुख गाळानं तुंबलेलं, रसदीची जहाजं वर येईनात. रिकाम्या सैनिकांना त्यानं फावडी दिली आणि नदीपासून समुद्रापर्यंत कालवा खणून घेतला. लढाई जिंकल्यावर तो कालवा मार्सेलिसकरांना दिला. त्यांनी काय केलं असेल? जकात बसवली! दोन हजार वर्षांपूर्वीच्या गाळावर उपाय होता आणि उपायावर करही होता.

आर्लचं नशीब उघडलं ते राजकारणानं. इसवी सनपूर्व ४९ मध्ये सीझर आणि पाँपे यांचं युद्ध जुंपलं. मार्सेलिस श्रीमंत, जुनं, जरा गर्विष्ठ. त्यानं पाँपेची बाजू धरली. सीझरकडे आरमार नव्हतं. त्यानं आर्लच्या लोकांकडून बारा युद्धनौका बांधून घेतल्या. लाकूड तोडल्यापासून तीस दिवसांत त्या पाण्यात उतरल्या, असं तो स्वतःच लिहून ठेवतो. या आरमाराचा प्रमुख होता ब्रुटस. 'तू सुद्धा' वाला नव्हे, दुसरा. पण पुढे खुनाच्या कटात हाही होता. मार्सेलिस शरण आलं. त्याचा मुलूख गेला, त्यातला मोठा वाटा आर्लला मिळाला आणि इसवी सनपूर्व ४६ मध्ये सीझरच्या निवृत्त सैनिकांची वसाहत आर्लमध्ये बसली.

पुढची काही शतकं आर्लची. वीस हजार माणसं बसतील असं ॲम्फिथिएटर त्यांनी बांधलं. मध्ययुगात लोकांनी त्याच्या कमानी बुजवून आतच गाव वसवलं. दोनशेहून जास्त घरं आणि दोन देवळं, असा तो भला मोठा गोल वाडाच झाला. एकोणिसाव्या शतकात ती घरं पाडून मैदान मोकळं केलं. समुद्रावरून आलेला माल आर्लला उतरून नदीतल्या सपाट होड्यांत भरला जाई. तशी एक होडी २००४ मध्ये रोनच्या तळाशी सापडली, २०११ मध्ये वर काढली. एकतीस मीटर लांब. ती आता तिथल्या संग्रहालयात आहे. तिच्यापुढे उभं राहिलं की बोलणं सुचत नाही. स्वयंपाकाची चूल सुद्धा होडीवर आहे. कोणी तरी भांडं ठेवून उठलंय, एवढंच.

आर्लहून समुद्र नदीवाटे सुमारे चाळीस किलोमीटर. मुखाशी वाळूचे दांडे सरकत राहायचे, जहाजं खोळंबायची. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आर्लपासून समुद्राकडे पुन्हा एक कालवा खणला. दोन हजार वर्षांनी मारियसचाच धडा! व्हॅन गॉगनं १८८८ मध्ये रंगवलेला तो उचलता पूल, खाली कपडे धुणाऱ्या बायका, तो याच कालव्यावरचा. चित्र बहुतेकांनी कॅलेंडरवर पाहिलं असेल. गंमत अशी, की पर्यटकांना आज दाखवतात तो पूल तो नव्हेच. मूळ पूल १९३० मध्ये पाडला. आजचा त्याच्या घराण्यातला एक भाऊ, फॉसहून उचलून आणून बसवलेला. कालवा खणला खरा, पण त्याच शतकाच्या मध्यावर रेल्वे आली आणि नदीवरचा माल रुळांवर गेला. कालव्यात पाणी होतं, खोली होती, माल नव्हता. आर्लच्या बंदराला शेवटचा धक्का गाळानं दिला नाही, इंजिनानं दिला. माझ्या फळ्यावरच्या वाक्याला पहिला तडा गेला तो इथे.

दुसऱ्या रविवारी एग-मोर्त. मार्सेलिसहून पश्चिमेला दीडेक तासाहून थोडी जास्त वाट, शेवटचा टप्पा दलदल, बगळे आणि पांढरे घोडे यांच्यामधून. मग एकाएकी सपाट रानात चौकोनी तटबंदी उभी राहते. सोळाशे मीटरांहून जास्त घेर, एक दगड ढळलेला नाही. समुद्र? सहा किलोमीटर लांब.

'एग-मोर्त' म्हणजे मेलेलं पाणी. फ्रान्सचा राजा नववा लुई याला धर्मयुद्धाला निघायचं होतं आणि त्याच्याकडे भूमध्यावर स्वतःचं बंदरच नव्हतं. मार्सेलिस प्रोव्हान्सच्या सरदाराकडे, पलीकडचं माँपेलिए अरागॉनच्या राजाकडे. मधल्या दलदलीचा तुकडा एका मठाच्या मालकीचा होता, तो १२४० मध्ये राजानं घेतला आणि तिथे शहर वसवलं. १२४८ मध्ये तो इथूनच निघाला, १२७० मध्ये पुन्हा निघाला आणि ट्युनिसला तापानं मेला. तट त्याच्या मुलानं आणि नातवानं बांधला.

मी वाटाड्याला शिक्षकी थाटात विचारलं, 'म्हणजे तेव्हा समुद्र तटाला लागलेला होता आणि मग गाळानं मागे हटला, असंच ना?' तो हसला. सगळेच तसं समजतात, म्हणाला. समुद्र राजाच्या वेळीही लांबच होता. खाजणातून कालवा काढून होड्या आणत. गाळ पहिल्या दिवसापासून होता आणि तो उपसतही पहिल्या दिवसापासून होते. मग बंदर मेलं कधी? १४८१ मध्ये प्रोव्हान्स फ्रान्सच्या राजाकडे आलं, त्याबरोबर मार्सेलिसही आलं. चांगलं खोल बंदर घरात आल्यावर दलदलीतला कालवा कोण उपसत बसणार? ज्या अडचणीपायी बंदर जन्माला आलं ती संपली, तसं बंदरही संपलं. गाळानं फक्त शेवटची माती लोटली.

संपलेल्या बंदराचा तट मात्र उपयोगी पडला. तुरुंग म्हणून. कोपऱ्यातल्या कॉन्स्टन्स बुरुजात प्रॉटेस्टंट बायकांना डांबत. मारी द्युराँ ही १७३० मध्ये आत गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, १७६८ मध्ये बाहेर आली. अडतीस वर्षं. धर्म सोडते एवढं म्हटलं असतं तर दार उघडलं असतं. बुरुजातल्या एका दगडावर एकच शब्द कोरलेला आहे, त्याचा अर्थ 'झुंजत राहा'. तो तिनंच कोरला असं मानतात. भाची त्या दगडाशी बराच वेळ थांबली. आम्ही खाली उतरून वाट पाहिली.

तटावरून दक्षिणेला पाहिलं की गुलाबी पाणी दिसतं. ती मिठागरं. खारट पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळानं तो रंग येतो. उरण-पेणकडच्यांना मिठागरावरचं काम सांगायला नको. डोक्यावर ऊन, पायाला मीठ. ऑगस्ट १८९३ मध्ये इथे हंगामी मजुरांत तंटा झाला. फ्रेंच आणि इटालियन एकाच उक्त्या कामावर. अफवा उठली, जमाव लाठ्या-काठ्या घेऊन इटालियनांच्या मागे लागला. काहींनी एका बेकरीत आसरा घेतला. अधिकृत आकडा आठ मृतांचा. खटला चालला आणि सगळे आरोपी सुटले. पोस्टकार्डावर तट असतो, गुलाबी पाणी असतं. हे नसतं.

परतताना मी गप्प होतो. डोक्यात एग-मोर्त नव्हतं, सोपारा होतं. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविक-पुस्तकात आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांत सोपारा आणि कल्याण यांची नावं आहेत. भडोचला इटलीची दारू येते, हेही आहे. या समुद्राचा माल इजिप्तमार्गे आपल्याकडे येई. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची ब्राँझची मूर्ती मिळाली. समुद्राचा देव, आणि पोचला कुठे, तर पंचगंगेवर! सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला. आज तिथे लोकलनं उतरणाऱ्या लाखो माणसांना आपण बंदरात उतरतो आहोत याची कल्पनाही नसते. खाडी गाळानं भरली, खरंच भरली. पण ती उपसावी असं कोणाला का वाटलं नाही, हा प्रश्न मी तीस वर्षांत एकदाही वर्गात विचारला नाही.

चौलचं उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे. पंधराव्या शतकात रशियाचा निकितिन तिथे उतरला, पुढे पोर्तुगीजांनी किल्ला बांधला, १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आलं. कुंडलिकेचा गाळ या सगळ्या काळात होताच. पण उत्तरेला मुंबई वाढत होती. व्यापारी तिकडे निघून गेले, मग गाळ काढणाऱ्याला पैसे कोण देणार? पुस्तकात लिहायला गाळ सोयीचा. त्याला राग येत नाही, त्याचे वारस अब्रूनुकसानीचा दावा लावत नाहीत.

तिसरा रविवार पूर्वेकडे, फ्रेज्युसला. तिथलं बंदर ऑगस्टसनं नावारूपाला आणलं. ॲक्टियमच्या लढाईत अँटनी-क्लिओपात्राची जी जहाजं हाती लागली ती त्यानं इथे पाठवली, असं टॅसिटस लिहितो. आज त्या बंदराच्या जागी गवत आहे आणि गवतात एक दगडी सुळका, ज्याला लोक ऑगस्टसचा दिवा म्हणतात. इथे गाळाचं काम पूर्ण झालं आहे. ते पाहायला अर्धा तास पुरला.

पण जावईबापूंनी गाडी गावाबाहेर डोंगराकडे घेतली. रस्ता संपला तिथून पायी. झाडीत काँक्रीटचे तुकडे पडलेले, एकेक खोलीएवढा. माल्पासे धरण. १९५४ मध्ये पुरं झालं, कमानीसारखं वळलेलं, साठ मीटरांहून उंच आणि माथ्याशी जेमतेम दीड मीटर जाड. २ डिसेंबर १९५९ ला, पावसानं तलाव पहिल्यांदाच काठोकाठ भरला असताना, रात्री सव्वानऊच्या सुमारास ते फुटलं. वीसेक मिनिटांत लोंढा फ्रेज्युसमध्ये. ४२३ माणसं गेली. काँक्रीट वाईट नव्हतं. डाव्या बाजूच्या खडकात भेग होती, ती कोणाला कळली नव्हती. खटले वर्षानुवर्षं चालले, शेवटी कोणालाही दोषी ठरवलं नाही. एका मुलीचा वाग्दत्त वर त्या रात्री वाहून गेला. तिनं हट्ट धरला, मला त्याच्याशीच लग्न करायचंय. त्याच महिन्याच्या अखेरीस फ्रान्सनं कायदा केला, मृत माणसाशी लग्न करता येईल असा. तो कायदा अजून आहे.

मी पुण्याचा. १२ जुलै १९६१ ला मी आठ वर्षांचा होतो. पानशेतच्या पाण्याची रेघ आमच्या वाड्याच्या भिंतीवर होती, आईनं ती कितीतरी वर्षं रंगवू दिली नाही. माल्पासेच्या तुकड्यावर बसून मी जावईबापूंना ती रेघ सांगितली. त्यांचा जन्म नंतरचा, नागपूरचा. त्यांना पानशेत नुसतं नावानं माहीत. डबा तसाच परत आला.

शेवटचा रविवार नव्हता, मुद्दाम रजा काढून आम्ही २४ मे ला सेंत-मारी-द-ला-मेर गाठलं. रोनच्या मुखाजवळचं खेडं. त्या दिवशी युरोपभरचे जिप्सी इथे जमतात. गाडी लावायला जागा मिळेना, दोन किलोमीटर चालत गेलो. त्यांची सारा ही काळ्या वर्णाची देवी चर्चच्या तळघरात असते. या दिवशी तिला खांद्यावर घेऊन मिरवत समुद्रात नेतात. जिप्सींची भाषा मुळात आपल्याकडची, हे भाषातज्ज्ञ दीडदोनशे वर्षं सांगत आले आहेत. नाकाला 'नाख', कानाला 'कान', पाण्याला 'पानी'.

आणि इथे माझ्या वाक्याचा उरलासुरला तुकडाही गेला. या गावाचा प्रश्न उलटा आहे. मध्ययुगात हे चर्च किनाऱ्यापासून बरंच आत होतं. आज समुद्र गावाच्या उंबऱ्याशी आहे. १८५६ च्या महापुरानंतर नदीला दोन्ही बाजूंनी बांध घातले, पुढच्या शतकात वरच्या अंगाला धरणं झाली. गाळ वरच अडला. ज्या गाळाला मारियसपासून सगळे शिव्या देत आले तो येईनासा झाला, तेव्हा समुद्र जमीन खाऊ लागला. आता तिथे किनाऱ्याला मोठमोठ्या शिळा टाकल्या आहेत. त्या वाढवत राहायच्या, की काही भाग समुद्राला सोडून द्यायचा, यावर गावात भांडण आहे. खर्च कोणी करायचा यावर तर आहेच.

चारच्या सुमाराला मिरवणूक आली. पुढे पांढऱ्या घोड्यांवरचे स्वार, मागे देवी, व्हायोलिन, गिटार. स्वार थेट पाण्यात शिरले, घोड्यांच्या पोटापर्यंत पाणी आलं, आणि त्यांनी अर्धवर्तुळ केलं. मला वाटलं आता विसर्जन. पण देवीला फक्त पाणी दाखवलं आणि परत फिरवलं. शिळांवर उभं राहून लोक ओरडत होते. शेजारी एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊन उभी होती. तिनं समुद्राकडे बोट केलं आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मला त्यातला एकच शब्द कळला.